विश्लेषण : सकाळी मालवणच्या समुद्रात, संध्याकाळी घाटात... हा बेत का चुकतो?

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या झरीपासून मालवणचा समुद्र रस्त्याने साधारण साडेसहाशे किलोमीटरवर आहे. तरीही थंडीच्या दिवसांत तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर ‘एमएच २२’च्या गाड्या दिसू लागल्या आहेत. नवे लग्न झालेले किंवा मुले मोठी झाल्यावर पहिल्यांदाच दोघे बाहेर पडलेले जोडपे, स्वतःची गाडी आणि मोबाइलवर पाहिलेली पाण्याखालची चित्रफीत, एवढ्या भांडवलावर बेत ठरतो. बेतही बहुधा एकाच साच्याचा असतो. रात्री निघायचे, सकाळी पोहोचून लगेच स्कूबा, दुपारी किल्ला आणि संध्याकाळी घाट चढून परत. सुट्टी वाचते, एका मुक्कामाचा खर्चही वाचतो. पण प्रश्न नेमका याच क्रमाचा आहे. समुद्रातली वीस मिनिटे कुठे बसवायची यावर त्या जोडप्याची सुरक्षितता अवलंबून असते. आणि ती वीस मिनिटे कशी घालवायची यावर खाली खडकाला चिकटलेल्या एका सजीवाचे आयुष्य अवलंबून असते.

झरी ते मालवण रस्ता कसा?

परभणी, गंगाखेडवरून अंबाजोगाई, लातूर, तुळजापूर, सोलापूर आणि पुढे सांगोला, मिरजमार्गे कोल्हापूर हा मराठवाड्यातल्या लोकांचा सवयीचा रस्ता. कोल्हापूरनंतर सह्याद्री उतरण्यासाठी तीन मुख्य पर्याय आहेत. गगनबावड्याहून करूळ घाट, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट आणि आजरामार्गे आंबोली. पहिल्या दोन वाटांनी मुंबई-गोवा महामार्गावर आल्यावर कसालहून मालवणला वळता येते. करूळ घाट दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिल्याचा अनुभव ताजा आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का, हे विचारून घेतलेले बरे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यात परभणी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे आहेत. मात्र ज्यांच्या जमिनी जाणार त्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे, आणि पर्यटकाचे चार तास वाचणे हा त्या वादातला सर्वांत हलका मुद्दा आहे.

आजच्या रस्त्याने बारा-चौदा तास सहज जातात. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाने सकाळी थेट पाण्यात उतरणे ही बेतातली पहिली चूक. झोप नसणे आणि शरीरात पाणी कमी असणे या दोन्ही गोष्टी डायव्हिंगमध्ये धोका वाढवतात. उपाशीपोटी किंवा नुसत्या चहावर बोटीत बसले की मळमळ ठरलेली. पोहोचल्याचा दिवस जेवणे, झोपणे आणि किनाऱ्यावर फिरणे यासाठीच ठेवावा.

मालवणच्या पाण्याखाली नेमके काय आहे?

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. याच किल्ल्याच्या आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा परिसर १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे आणि किल्ला, पद्मगड व भोवतालचे बुडालेले खडक त्यातच येतात. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध राहिला. गंमत अशी, की आज पर्यटकाचा हात धरून त्याला पाण्याखाली नेणारे तरुण बरेचदा याच मच्छीमार घरांतले असतात.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. भारतातले मोठे प्रवाळ प्रदेश म्हणजे अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात. मालवणला तशी सलग प्रवाळभित्ती नाही. इथे खडकांवर ठिकठिकाणी प्रवाळांच्या वसाहती आहेत. त्यांत गोट्यासारखे वाढणारे पोरायटीस आणि पानांच्या घड्यांसारखे पसरणारे टर्बिनेरिया हे प्रकार आढळतात. खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे पाणी निळेशार नसते, हिरवट असते. चार-पाच मीटरपलीकडचे स्पष्ट दिसेलच असे नाही. पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, जलक्रीडा बंद असतात. पाणी सर्वांत स्वच्छ मिळते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मोबाइलवरच्या चित्रफितीतला समुद्र पुष्कळदा दुसऱ्याच देशातला असतो, हे आधीच माहीत असले की निराशा होत नाही. जे दिसते ते कमी नाही. परभणी काय आणि मालवण काय, दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधातच. प्रवाळांना हवे असलेले कोमट पाणी आपल्याच राज्याच्या किनाऱ्याला आहे, एवढे तरी डोळ्यांनी पाहता येते.

पोहता येत नसले तरी चालते?

हो, एका मर्यादेत. पर्यटकांसाठी असते ते प्रशिक्षण नव्हे, ओळख. जगभर मान्यता असलेल्या ‘पॅडी’ या संस्थेच्या अशा ओळख-डाइव्हला पोहण्याची परीक्षा नसते, पण कमाल खोली १२ मीटर ठरलेली आहे आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ सोबत असावा लागतो. मालवणला प्रत्यक्षात याहून बरेच उथळ नेले जाते. स्वतंत्रपणे डाइव्ह करायची असेल तर ‘ओपन वॉटर’ हा अभ्यासक्रम आहे. त्यात २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे आणि खुल्या पाण्यात चार डाइव्ह असतात. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे. ज्यांच्याकडे चार-पाच दिवस आहेत त्यांनी वीस मिनिटांच्या ओळखीपेक्षा हा अभ्यासक्रम करावा, असे आमचे मत.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. टाकीत असते ती दाबाने भरलेली साधी हवा, आपण घरात घेतो तीच. तिच्यातला सुमारे ७८ टक्के नायट्रोजन पुढे घाटात महत्त्वाचा ठरतो.

काही बारीक गोष्टी कोणी आधी सांगत नाही. जाड मिशी असेल तर मास्क नीट बसत नाही आणि आत पाणी झिरपते. मंगळसूत्र, साखळी, अंगठ्या खोलीवरच ठेवाव्यात, कारण त्या नळ्यांत आणि पट्ट्यांत अडकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुणा. आपण दिवसभर मोबाइलवर अंगठा वर करून ‘ठीक आहे’ म्हणतो. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा आहे. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. ही एक खूण विसरल्याने पाचव्या मिनिटाला वर आणलेले पर्यटक कमी नसतील!

विहिरीत पोहणाऱ्याने काय विसरायचे?

मराठवाड्यात पोहणे शिकले जाते ते विहिरीत. पाठीला डबा किंवा ट्यूब बांधून, काठावरून कोणीतरी ढकलून. तिथला पहिला धडा असतो श्वास धरण्याचा. छाती भरून घ्यायची, मुटका मारायचा, तळाला हात लावून वर यायचे. ही सवय विहिरीत निर्धोक आहे, कारण छातीतली हवा काठावरच घेतलेली असते. खाली गेल्यावर ती दबते आणि वर आल्यावर मूळच्या आकाराला येते, त्यापेक्षा जास्त फुगत नाही.

स्कूबात नेमके उलटे घडते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. रेग्युलेटर त्या-त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. म्हणजे १० मीटरवर भरलेल्या छातीत पृष्ठभागाच्या दुप्पट हवा असते. ती धरून माणूस घाबरून वर सुटला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात जाऊ शकतात. आकाराचा हा फरक पृष्ठभागाजवळ सर्वांत तीव्र असल्याने ‘फार खोल नेत नाहीत, मग काय होणार’ हा दिलासा खोटा आहे. छाती पूर्ण भरलेली असेल तर अवघ्या दीड मीटरवरून वर येतानाही अशी इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलात तरी तोंडातला रेग्युलेटर काढायचा नाही, सावकाश आत-बाहेर श्वास चालू ठेवायचा. ज्याला पोहता येते तो अनेकदा हा नियम मोडतो आणि न पोहणारी त्याची बायको शांतपणे पाळते. प्रशिक्षकांना हे नवीन नाही.

कानांचेही तसेच. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, तेही दुखू लागण्याआधी. दुखत असूनही खाली जात राहिले तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत, आणि गोळी घेऊन सर्दी तात्पुरती दाबून उतरणे हा उपाय नाही. तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना त्रास होतो.

कोणी उतरू नये?

उतरण्यापूर्वी आरोग्याचा अर्ज भरून घेतला पाहिजे. दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, अनियंत्रित रक्तदाब यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरू नये. गर्भवतींनी तर अजिबात नाही. नवविवाहित जोडप्यांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा संकोचाने बोलला जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिला. अर्जात ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून पुढे सरकवणारे स्वतःलाच फसवतात. अर्ज न देताच सूट घालायला देणारा चालक दिसला, तर तिथून निघावे.

आणखी एक. दोघांपैकी एकाला भीती वाटत असेल तर ‘काही होत नाही, चल’ असे म्हणून दुसऱ्याने आग्रह करू नये. पैसे भरल्यावर, सूट घातल्यावर, अगदी बोटीतून पाय पाण्यात सोडल्यावरही नको म्हणता येते. स्कूबात तो अधिकार सर्वांना आहे आणि त्याचे कारण विचारण्याची पद्धत नाही.

घाटाचा डायव्हिंगशी काय संबंध?

बेतातली दुसरी आणि कमी माहीत असलेली चूक इथे आहे. जास्त दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीराच्या पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. पण तो पुरता बाहेर पडण्याआधी माणूस हवेचा दाब कमी असलेल्या उंचीवर गेला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखे बुडबुडे तयार होण्याची शक्यता वाढते. सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, न समजणारा थकवा ही त्याची लक्षणे. ती बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत दिसतात.

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये, हे अनेकांना ऐकून माहीत असते. गाडीचे कोणी सांगत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शक सूचना सुमारे ६१० ते २,४३८ मीटर उंचीला लागू आहेत. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास थांबावे. एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर १८ तास. आता नकाशा पाहा. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. या पट्ट्यातला घाटमाथा साधारण सहाशे ते सातशे मीटरचा. इतकेच नव्हे, परतीच्या वाटेवरचे लातूर आणि तुळजापूरही सहाशे मीटरच्या वरच आहेत. म्हणजे समुद्रसपाटीवरून निघालेले जोडपे दोनेक तासांत त्या मर्यादेच्या तोंडाशी पोहोचते.

उथळ पाण्यातल्या वीस मिनिटांत शरीरात फार नायट्रोजन साठत नाही, आणि अशा एका डाइव्हनंतर घाट चढणारे बहुतेक लोक सुखरूप घरी जातात. घाबरवण्याचा हेतू नाही. पण थकलेले शरीर, कमी प्यायलेले पाणी आणि उंची या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी एकत्र आणण्याचे कारणही नाही. लक्षणे दिसलीच तर शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षातील उपचार लागतात, आणि दाबकक्ष घाटातल्या कुठल्याही गावात नसतो. तेव्हा क्रम फक्त फिरवायचा. पहिला दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारी बोटीने सिंधुदुर्ग किल्ला, रात्री मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी घाट. एका रात्रीचे भाडे जास्त पडेल.

पर्यटकामुळे प्रवाळाचे काय होते?

प्रवाळ दगड दिसतो, पण तो प्राण्यांची वसाहत आहे. असंख्य इवले जीव चुन्याचे घर बांधतात आणि त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसते. पोरायटीससारखा गोटा वर्षाला सेंटीमीटरभर वाढतो. घागरीएवढा व्हायला पंधरा-वीस वर्षे. एका पायाने तो मोडायला क्षण पुरतो.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या नियतकालिकात मालवण अभयारण्यातील पर्यटन डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवरच निबंध लिहिला. जबाबदारी कोणाचीच नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. ती आजही लागू पडते. पर्यटकाला तोल सांभाळता येत नाही, म्हणून तो खडकाला धरतो, गुडघे टेकतो, छायाचित्रासाठी उभा राहतो. बोटीचा नांगर थेट खडकावर पडतो. माशांची गर्दी चित्रफितीत यावी म्हणून काही ठिकाणी खाऊ टाकला जातो, त्याने माशांच्या सवयी बिघडतात. यातली प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी आहे. नांगराऐवजी कायमच्या तरंगत्या बोयांना बोट बांधता येते. एका प्रशिक्षकामागे एकच पर्यटक ठेवला तर धरण्याची गरज उरत नाही. पण दिवसाला जास्तीत जास्त फेऱ्या मारण्याची स्पर्धा असली की या गोष्टी मागे पडतात, आणि स्वस्तात स्वस्त दर विचारणारे आपणही त्या स्पर्धेला हातभार लावतो.

कायद्याने प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. आठवण म्हणून तुकडा तोडून घरी आणणे हा गुन्हा आहे.

पाणी तापण्याचा धोका वेगळा. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. याला विरंजन म्हणतात. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणमधील विरंजनाची नोंद २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये केली. एप्रिल २०२४ मध्ये जगातले चौथे व्यापक विरंजन सुरू असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने जाहीर केले. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर सावरते. मात्र त्याच काळात त्याच्यावर पाय पडत राहिले, नांगर पडत राहिले, तर सावरण्याची संधी जाते.

बोटीत बसण्यापूर्वी काय पाहावे?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना पाण्याखाली घडली नव्हती. किनारा दिसत असताना, सगळे आटोपल्यावर घडली. हंगामाचे शेवटचे दिवस होते. त्यामुळे टाकी-रेग्युलेटरइतकेच लक्ष बोटीकडे हवे. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते येता-जाता दोन्ही वेळा अंगात घालायला लावतात का? बोटीची प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का? मेरिटाइम बोर्डाचा परवाना दाखवतात का? बोटीवर ऑक्सिजनची सोय आहे का? समुद्र खवळलेला असताना ‘आज नको’ म्हणणारा चालक भेटला तर वाद घालू नये, तो चांगला चालक आहे.

मालवणच्या पलीकडे काय?

राज्य सरकारने ‘आयएनएस गुलदार’ ही जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली युद्धनौका निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. किल्ल्याभोवतीच्या खडकांवरची गर्दी त्यामुळे थोडी विभागली जाईल अशी अपेक्षा आहे. लोखंडावर प्रवाळ रुजायला मात्र वर्षे जावी लागतात.

आणि महाराष्ट्राचे खरे मोठे प्रवाळ क्षेत्र किनाऱ्यावरून दिसतच नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी १५. नाव कान्होजी आंग्र्यांचे. तिथे पाणी स्वच्छ आहे, पण पठाराचा सर्वांत वरचा भागच सुमारे २० मीटर खोल आहे. ओळख-डाइव्हची मर्यादा १२ मीटर, ‘ओपन वॉटर’ची १८. त्यामुळे झरीच्या जोडप्याला तिथे उतरायचे असेल, तर तारकर्लीतला पहिला अभ्यासक्रम संपवून पुढचा करावा लागेल.